‘प्रेकेटरी’ या इंग्रजी विशेषणाचा अर्थ व विनियोग

एका संग्राहक मित्रांच्या दप्तराची सूची करण्याचें काम कांहीं वर्षांपूर्वीं मजकडे आलें होतें. दप्तर बहुतेक मोडी. परंतु त्यांत इ. स. १८९० च्या सुमाराचें एक इंग्रजी मृत्युपत्र होतें. तें करणाऱ्या गृहस्थांनीं आपली सर्व मिळकत पत्नीस पूर्ण मालकीहक्कानें दिली होती. आणि पुढें एका वाक्यांत असें म्हटलें होतें कीं, तिची गरज सरल्यावर जें उरेल तें ती मुलांमध्यें न्यायानें वाटून देईल असा मला पूर्ण भरंवसा आहे. सूचींत मीं या कागदाची नोंद ‘मुलांच्या हिताकरितां पत्नीकडे विश्वस्त या नात्यानें सोंपविलेली मिळकत’ अशी केली. त्याच दप्तरांत त्या बाईंनीं पुढें राहतें घर विकल्याचें खरेदीखत होतें; त्याची नोंद साहजिकच खालीं आली. त्या घराण्यांतील एका वृद्ध गृहस्थांनीं या दोन नोंदी लागोपाठ वाचल्या आणि मला विचारलें, “गुरुजी, म्हणजे आमच्या आजीनें मुलांची ठेव मोडून खाल्ली, असें तुमची सूची म्हणते काय?”

मला तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं. मृत्युपत्रासोबत कोणा वकिलाच्या अभिप्रायाचें एक टांचण होतें. त्यांत वरील वाक्यास उद्देशून ‘प्रेकेटरी’ असें एकच विशेषण लिहिलेलें होतें. तें मीं पूर्वीं वाचलें होतें. परंतु ‘प्रार्थनेसंबंधीचें’ एवढाच कोशांतील अर्थ मनांत धरून पुढें गेलों होतों. मृत मनुष्याची प्रार्थना म्हणजे त्याची आज्ञाच, असें मीं गृहीत धरलें. हें गृहीत किती चुकीचें होतें, आणि या एका विशेषणापायीं विलायतेंतील न्यायालयांस किती काळ झगडावें लागलें, हें पुढें समजलें. जुन्या कागदांचें वाचन व वर्गीकरण करणाऱ्या इतर मंडळींस तें उपयोगी पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे.

प्रथम व्युत्पत्ति पाहूं. लॅटिन भाषेंत ‘प्रेक्स’ म्हणजे प्रार्थना व ‘प्रेकारी’ म्हणजे प्रार्थना करणें, विनवून मागणें. त्यावरून ‘प्रेकेटरी’ म्हणजे प्रार्थनेच्या रूपाचें, विनंतीचा आशय असलेलें. ‘प्रे’ व ‘प्रेअर’ हे नित्याचे इंग्रजी शब्द, तसेच ‘डेप्रिकेट’ म्हणजे टळावें म्हणून विनविणें व ‘इम्प्रिकेशन’ म्हणजे अनिष्टाची प्रार्थना अर्थात् शाप, हे सर्व याच कुळांतले. याच कुळांतील ‘प्रिकेरिअस’ या शब्दाचा अर्थ आज ‘डळमळीत’ किंवा ‘धोक्याचें’ असा होतो. त्याचें मूळ रोमन कायद्यांतील ‘प्रेकारियुम’ या संज्ञेंत आहे. एखाद्यानें विनवणी करून दुसऱ्याची वस्तु किंवा जमीन वापरावयास घ्यावी, आणि देणाऱ्यानें मनास येईल तेव्हां ती परत घ्यावी, अशा प्रकारच्या भोगास हें नांव होतें. जें विनंतीवर मिळालें तें दुसऱ्याच्या मर्जीवर टिकतें, म्हणून तें डळमळीत. विनंती आणि हक्क यांमधील अंतर या शब्दाच्या इतिहासांतच असें कोरलेलें आहे.

संस्कृताच्या अभ्यासकांस येथें दोन गोष्टी सांगावयाच्या. ‘प्रेअर’ व ‘प्रार्थना’ यांचा आरंभ सारखा ऐकूं येतो, परंतु त्यांचें नातें नाहीं. ‘प्रार्थना’ शब्दांत ‘प्र’ हा उपसर्ग असून पुढें ‘अर्थ्’ हा धातु आहे. लॅटिन ‘प्रेकारी’ चें खरें भावंड आमचा ‘प्रच्छ्’ धातु होय. ‘पृच्छति’, ‘प्रश्न’ व प्राकृतांतून आलेलें मराठी ‘पुसणें’ हीं सर्व त्याच मूळाचीं रूपें. फारसींतील ‘पुर्सीदन’, म्हणजे विचारणें, हेंही त्याच घराण्यांतलें. आणि त्यावरून आलेला ‘पुरसीस’ हा शब्द आमच्या कोर्टकचेऱ्यांच्या तोंडीं अद्यापि आहे. तेव्हां विलायतेंतील न्यायाधीश ज्या ‘प्रेकेटरी’ शब्दांशीं झुंजत होते, त्यांचा दूरचा नातलग आमच्या दिवाणी कोर्टांत रोज दाखल होत असतो.

या विशेषणाचें एक जुळें आहे, त्याच्याशीं गल्लत होऊं नये. ‘प्रेकेटिव्ह’ हें व्याकरणांतील नांव होय. संस्कृतांतील आशीर्लिङ् या क्रियारूपास व्हिटने यांनीं आपल्या १८७९ च्या व्याकरणांत हीच संज्ञा दिली आहे. शाळांतून चालणाऱ्या व्याकरणांत त्याच रूपास बहुधा ‘बेनेडिक्टिव्ह’ म्हणतात. म्हणजे ‘प्रेकेटिव्ह’ हें क्रियापदाच्या रूपाचें विशेषण, तर ‘प्रेकेटरी’ हें बहुधा दस्तऐवजांतील वचनाचें विशेषण. पहिल्याचा निर्णय प्रत्यय पाहून होतो; दुसऱ्याचा तसा होत नाहीं, आणि अडचण तेथूनच सुरू होते.

ही अडचण पाणिनीस ठाऊक होती असें म्हणावयास हरकत नाहीं. लिङ् या लकाराचे अर्थ सांगतांना त्यानें विधि, निमंत्रण, आमंत्रण, अधीष्ट, संप्रश्न व प्रार्थना असे सहा अर्थ एकत्र गोंवले आहेत. एका टोंकास आज्ञा, दुसऱ्या टोंकास याचना. रूप मात्र एकच. मराठींतील विध्यर्थाचीही तीच स्थिति आहे. ‘वसूल हुजूर पाठवावा’ ही आज्ञा, आणि ‘सेवकावर कृपा करावी’ ही याचना. प्रत्ययांत भेद नाहीं. भेद कळतो तो कोण कोणास म्हणत आहे यावरून. आतां जेथें बोलणारा मरण पावलेला आहे, ऐकणाऱ्याच्या हातीं मिळकत आहे आणि तिसरा कोणी त्या मिळकतीवर हक्क सांगत आहे, तेथें हा भेद कोणी व कशावरून ठरवावा? ‘प्रेकेटरी’ शब्दांचा प्रश्न म्हणतात तो हा.

हा प्रश्न प्रथम रोमन लोकांपुढें उभा राहिला. त्यांच्या जुन्या कायद्याप्रमाणें मृत्युपत्रांतील देणगी ठराविक आज्ञार्थक शब्दांनींच द्यावी लागे, व कित्येक माणसांस ती कायद्यानें घेतांच येत नसे. म्हणून लोक एक आडवाट धरीत. वारसास मिळकत द्यावी आणि ‘तूं यांतून अमक्यास इतकें दे’ अशी त्यास विनंती करावी. ‘मी मागतों’, ‘मी विनवितों’, ‘माझी इच्छा आहे’, ‘तुझ्या विश्वासावर सोंपवितों’ असे शब्द त्यांत येत. या व्यवस्थेस ‘फिदेइकोमिस्सुम’, म्हणजे विश्वासावर सोंपविलेलें, असें नांव पडलें. आरंभीं तिला कायद्याचें बळ मुळींच नव्हतें; वारसाची अब्रू हाच जामीन.

लूसियस लेंटुलस नांवाचा एक रोमन गृहस्थ आफ्रिकेंत वारला. त्यानें पुरवणीपत्र लिहून प्रत्यक्ष ऑगस्टस बादशहास अशाच शब्दांनीं कांहीं गोष्टी करण्याची विनंती केली होती. ऑगस्टसनें ती पुरविली. बादशहानेंच मान दिल्यावर इतरांनीं त्याचें अनुकरण केलें. आणि लेंटुलसच्या मुलीनेंही, कायद्यानें बांधलेली नसतां, त्या पत्रांतील देणग्या चुकत्या केल्या. पुढें कांहीं निर्लज्ज वारसांचीं उदाहरणें पुढें आल्यावर ऑगस्टसनें कॉन्सल या अधिकाऱ्यांस अशा प्रकरणांत हात घालण्यास सांगितलें. यथाकाल त्यासाठीं निराळा प्रेटर नेमला गेला, आणि सहाव्या शतकांत जस्टिनियननें आज्ञार्थक देणगी व विनंतीची देणगी यांमधील भेदच काढून टाकला. अशा रीतीनें रोममध्यें विनंतीची आज्ञा झाली.

इंग्लंडांत चॅन्सरी न्यायालयानें प्रथम याच वाटेनें जाणें पसंत केलें. १७३९ सालच्या हार्डिंग विरुद्ध ग्लिन या खटल्यांत एका गृहस्थानें पत्नीस घर व चीजवस्तु देऊन, तिनें त्या आपल्या मरणापूर्वीं किंवा मरणसमयीं त्याच्या नातलगांपैकीं तिला जे योग्य वाटतील त्यांस द्याव्या अशी इच्छा दर्शविली होती. पत्नी तशी व्यवस्था पूर्ण केल्यावांचून वारली. न्यायालयानें ती इच्छा बंधनकारक मानून नातलगांस हक्क दिला. त्यानंतरच्या शंभर वर्षांत ‘आशा आहे’, ‘शिफारस करतों’, ‘विनंती करतों’, ‘भरंवसा आहे’ असे अनेक शब्द आज्ञेच्या पंक्तीस बसविले गेले, आणि त्यांतून उत्पन्न होणाऱ्या बंधनास ‘प्रेकेटरी ट्रस्ट’ म्हणूं लागले.

याला एक व्यवहारी कारणही होतें. त्या काळच्या इंग्रजी नियमाप्रमाणें मृत्युपत्र अमलांत आणणाऱ्या एक्झिक्यूटरास, वांटणी न झालेली शिल्लक बहुधा स्वतःसाठीं ठेवतां येई. आप्तांचें नुकसान टाळावें म्हणून न्यायाधीश विनंतीच्या पुसट शब्दांतही ट्रस्ट शोधीत. १८३० च्या एक्झिक्यूटर्स ॲक्टानें हा नियम बदलला व ती शिल्लक, उलट हेतु दिसत नसल्यास, जवळच्या नातलगांसाठीं राखली. कारण गेलें, परंतु त्या कारणानें लागलेली संवय लगेच गेली नाहीं.

ही संवय मोडण्यास ज्या खटल्यानें आरंभ झाला म्हणतात, त्याचा मूळ पुरुष आपल्यासारखाच एक संग्राहक होता, म्हणून तो थोडा विस्तारानें सांगतों. हेरफर्डशर परगण्यांतील डाउन्टन येथील रिचर्ड पेन नाइट हे प्राचीन नाणीं, ब्राँझच्या मूर्ती व चित्रें जमविणारे नामांकित गृहस्थ होते. प्राचीनांच्या प्रजननदेवतांच्या उपासनेवर त्यांनीं १७८६ सालीं एक ग्रंथ काढला. त्यांत आमच्या घारापुरीच्या लेण्यांतून विलायतेस गेलेल्या एका शिल्पखंडाचा विचार केलेला असल्यानें महाराष्ट्रांतील संशोधकांस हें नांव अगदींच परकें नाहीं. नाइट १८२४ सालीं वारले. त्यांच्या मृत्युपत्रांत दोन व्यवस्था होत्या, आणि त्या शेजारीं शेजारीं ठेवून वाचण्याजोग्या आहेत.

पहिली व्यवस्था संग्रहाची. तो त्यांनीं ब्रिटिश म्यूझियमास दिला, पण अट घालून: आपल्या घराण्यांतील पुरुषास संग्रहालयाच्या विश्वस्तमंडळांत वंशपरंपरेचें स्थान मिळालें पाहिजे. अट स्पष्ट होती. ती पाळली गेली, त्यासाठीं १८२४ सालींच कायदा झाला, व संग्रह आजतागायत त्या म्यूझियमांत आहे.

दुसरी व्यवस्था जमीनजुमल्याची. ती मिळकत त्यांनीं भाऊ टॉमस अँड्रू नाइट यांस दिली. हे लंडनच्या उद्यानविद्येच्या संस्थेचे पुष्कळ वर्षें अध्यक्ष होते. मिळकत पुढें पुरुषवंशांतच राहावी अशी पेन नाइट यांची मनीषा होती, कारण घराण्याचा उदय करणाऱ्या आजोबांचा तोच मानस होता. परंतु येथें त्यांनीं अट घातली नाहीं. आपले वारस जुन्या नोकरांस व कुळांस औदार्यानें वागवितील, आणि मिळकत पुरुषवंशांत चालविण्याच्या कामीं न्यायानें वागतील, असा आपला भरंवसा आहे, एवढेंच त्यांनीं लिहिलें.

टॉमस अँड्रू यांचा मुलगा १८२७ सालीं अपघातानें वारला. पुढें १८३८ सालीं ते स्वतः वारले, तेव्हां मिळकत त्यांच्या मुलीच्या शाखेकडे जाण्याची व्यवस्था झालेली होती. पुरुषवंशांतील वारस जॉन नाइट यांनीं दावा मांडला कीं, पेन नाइट यांचे शब्द बंधनकारक आहेत. १८४० सालीं लॉर्ड लँगडेल यांनीं निकाल दिला कीं, ते तसे नाहींत. मृत्युपत्र करणाऱ्यास मिळकत बांधून ठेवण्याचा पूर्ण अधिकार होता व ती कशी बांधावी हें त्यास कळत होतें. असें असून त्यानें ती बांधली नाहीं, वारसाच्या न्यायबुद्धीवर सोडली. तेव्हां न्यायालयानें ती मागाहून बांधणें म्हणजे त्याच्या इच्छेचा भंगच होय. पुढें १८४४ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनेंही हाच निकाल कायम केला.

या मृत्युपत्रांत ‘भरंवसा ठेवतों’ या अर्थीं वापरलेलें इंग्रजी क्रियापद ‘ट्रस्ट’ हेंच होतें. शब्द ‘ट्रस्ट’, पण ट्रस्ट उत्पन्न झाला नाहीं! नुसत्या शब्दावरून निर्णय करणाऱ्यास याहून स्पष्ट इशारा कोणता हवा? आणि ज्या लेखकानें एका पानावर अट घातली त्यानेंच दुसऱ्या पानावर भरंवसा ठेवला, म्हणजे दोहोंतील भेद त्याच्या मनांत होता हें उघड आहे. संग्रह अटीनें टिकला. जमीन भरंवशावर सोडली, ती इच्छेप्रमाणें राहिली नाहीं.

लॉर्ड लँगडेल यांनीं या निकालांत तीन कसोट्या सांगितल्या; त्या आजही इंग्रजी कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असतात. विनंतीच्या शब्दांनीं ट्रस्ट व्हावयाचा तर एकूण लेख पाहतां ते शब्द आज्ञेसारखे ठरले पाहिजेत, कोणत्या मिळकतीविषयीं विनंती आहे हें निश्चित पाहिजे, आणि कोणाच्या हितासाठीं आहे हेंही निश्चित पाहिजे. यांतील कोणतीही एक बाजू लंगडी असेल तर विनंती ही विनंतीच राहते. मीमांसेचा अभ्यास केलेल्यांस येथें विधि व अर्थवाद यांचा विवेक आठवेल. वाक्य आज्ञेच्या घाटाचें दिसलें म्हणून विधि होत नाहीं आणि स्तुतीच्या घाटाचें दिसलें म्हणून निरर्थक होत नाहीं. प्रकरण पाहावें लागतें.

तरीही चॅन्सरीचें धोरण पूर्णपणें पालटण्यास आणखी तीस वर्षें लागलीं. १८७१ सालच्या लँब विरुद्ध ईम्स या खटल्यांत मिळकत पत्नीस दिली होती ती तिच्या व कुटुंबाच्या हितासाठीं तिला योग्य वाटेल तशी वापरण्याकरितां. न्यायालयानें ती पत्नीची निर्वेध मालकी ठरविली. लॉर्ड जस्टिस जेम्स यांनीं त्या प्रसंगीं बोलून दाखविलें कीं, जेथें मृत्युपत्र करणाऱ्यास ट्रस्ट करावयाचाच नव्हता तेथें तो त्याच्या गळ्यांत बांधणारी न्यायालयाची मेहेरबानी फार क्रूर असली पाहिजे. १८८४ सालीं ॲडम्स व केन्सिंग्टन व्हेस्ट्री या प्रकरणीं याहून जवळचे शब्द पुढें आले: पत्नी मुलांच्या बाबतींत जें योग्य तेंच करील असा पूर्ण विश्वास बाळगून तिला मिळकत दिलेली. तेथेंही पत्नीच मालकीण ठरली. मरणाऱ्यानें पत्नीला मुलांची आठवण दिली, एवढाच त्या शब्दांचा भाव मानला गेला.

या दोन निकालांच्या मध्यें, १८८२ सालीं, हिंदुस्थानांतून गेलेलें एक अपील प्रिव्ही कौन्सिलापुढें आलें. मसूरी बँक विरुद्ध रेनॉर या नांवानें तें प्रसिद्ध आहे. रेनॉर यांनीं सर्व मिळकत पत्नीस दिली होती, आणि तिला गरज उरणार नाहीं तेव्हां ती मुलांमध्यें न्यायानें वाटील असा विश्वास व्यक्त केला होता. प्रिव्ही कौन्सिलानें ट्रस्ट नाहीं असें ठरविलें. पत्नीनें गरजेप्रमाणें खर्च करावा आणि उरेल तें वाटावें, असें म्हटल्यावर काय उरेल हें कोण सांगणार? लँगडेल यांची दुसरी कसोटी, म्हणजे मिळकतीची निश्चितता, येथें लंगडी पडते. माझ्या मित्रांच्या दप्तरांतील मृत्युपत्राचे शब्द जवळजवळ याच सांच्याचे आहेत, हें वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल. टांचण लिहिणाऱ्या वकिलानें ‘प्रेकेटरी’ असें लिहिलें तें ‘बंधन नाहीं’ हें सांगण्यासाठीं. मीं वाचलें तें नेमकें उलटें.

त्याच १८८२ सालच्या इंडियन ट्रस्ट्स ॲक्टाच्या सहाव्या कलमाखालीं दिलेलीं उदाहरणें संग्राहकांनीं एकदां तरी पाहावींत. अमुक मनुष्याच्या हितासाठीं मिळकत लावाल असा पूर्ण भरंवसा ठेवून ती दिली तर ट्रस्ट होतो, कारण माणूसही निश्चित व मिळकतही निश्चित. मिळकत घराण्यांतच ठेवाल अशी आशा दर्शविली तर होत नाहीं. कुटुंबांतील जे अधिक लायक वाटतील त्यांस वांटण्याची विनंती केली तर होत नाहीं. अमक्याच्या मुलांत मिळकतीचा ‘बराचसा भाग’ वांटावा अशी इच्छा सांगितली तरीही होत नाहीं. म्हणजे ‘भरंवसा’ हा शब्द एका ठिकाणीं बांधतो व दुसऱ्या ठिकाणीं बांधीत नाहीं. तिसरें उदाहरण १७३९ च्या हार्डिंग खटल्याशेजारीं ठेवून पाहावें. दीडशें वर्षांत वारा किती फिरला तें कळेल.

वारा फिरला म्हणून प्रत्येक विनंती निष्फळ ठरली असें मात्र नाहीं. पार्लमेंटाचे सभासद रॉबर्ट हॅनबरी १९०३ सालीं वारले. त्यांनींही पत्नीस सर्व मिळकत पूर्ण विश्वासानें दिली होती, व ती पुढें आपल्या पुतणीभाचींपैकीं एकीस किंवा अनेकींस देईल असें म्हटलें होतें. परंतु तेथें न थांबतां, तिनें तसें न केल्यास मिळकत त्यांच्यांत सारखी वांटली जावी असा स्पष्ट हुकूम त्यांनीं पुढें लिहिला. १९०५ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें पुतणीभाचींचा हक्क मान्य केला. विश्वासाच्या मऊ शब्दांमागें आज्ञेचा कणा होता. एकच वाक्य तोडून वाचलें असतें तर तो दिसला नसता.

हस्तलिखितांच्या अभ्यासकांस याहून विचार करावयास लावणारा निकाल १९४८ सालचा आहे. स्टील नांवाच्या बाईंच्या मृत्युपत्रांत हिऱ्यांचा एक हार वडील मुलाकडे व पुढें त्याच्या वडील मुलाकडे असा वंशांत राहावा म्हणून विनंती केली होती. शब्द पाहतां विनंती दुबळी. परंतु तें वाक्य १८६८ सालच्या शेली विरुद्ध शेली या खटल्यांतील मृत्युपत्रावरून जसेंच्या तसें उचललेलें होतें, आणि त्या वेळीं त्या शब्दांनीं ट्रस्ट झाला असें ठरलेलें होतें. न्यायालय म्हणालें, ज्यानें तोच सांचा मुद्दाम घेतला त्याला तोच परिणाम हवा होता. म्हणजे एखाद्या मायन्याचा अर्थ कधीं कधीं त्या मायन्याच्या वंशावळींत असतो. तो कोठून उतरून घेतला हें कळल्यावांचून त्याचें वजन कळत नाहीं.

आमच्या दप्तरांतील कागदांस इंग्रजी ट्रस्टाचे नियम लावावेत असें माझें म्हणणें नाहीं. हिंदु विधवेस मिळालेली मिळकत पूर्ण मालकीची कीं हयातीपुरती, हा प्रश्न त्या काळीं वेगळाच होता व तो प्रत्येक मृत्युपत्रांत निराळा पाहावा लागतो. प्रस्तुत कागदांत पूर्ण मालकी शब्दांनींच दिलेली होती म्हणून तो उद्भवला नाहीं. पण वाचनाची शिस्त मात्र घेण्यासारखी आहे. पेशवाईंतील पत्रांत ‘विनंति’, ‘विज्ञापना’, ‘आज्ञा’ हे शब्द मायन्यानें ठरलेले असत. लिहिणारा छत्रपतींस ‘विज्ञापना’ करी, म्हणून शाहू महाराजांच्या १७४९ सालच्या निधनानंतर राज्याचा निर्णय साताऱ्यास होत होता असें कोणी म्हणणार नाहीं. मानाच्या सरदारास लिहिलेलें पत्र ‘हे विनंति’ म्हणून संपतें, आणि पोटांत फौज घेऊन अमुक दिवशीं निघण्याचा सक्त तगादा असतो. शब्द विनंतीचा, वजन हुकुमाचें. उलट, आजोबांनीं नातवास लिहिलेल्या कागदांत ‘माझी आज्ञा आहे’ असें असतें, आणि ती केवळ मायेची याचना असते.

म्हणून सूचीकारांनीं तीन गोष्टी पाळाव्यात असें वाटतें. एक, कागदांतील मूळ शब्द जसाच्या तसा नोंदवावा. ‘भरंवसा’ असेल तेथें ‘भरंवसा’च लिहावा, आपला निष्कर्ष त्याच्या जागीं घालूं नये. दोन, त्या वाक्याशेजारीं त्याच लेखकानें इतरत्र अट किंवा हुकूम कोणत्या शब्दांनीं घातला आहे तें पाहावें. नाइट यांच्या मृत्युपत्राचा खुलासा त्यांच्याच दुसऱ्या कलमानें झाला. तीन, मागितलेली वस्तु व ज्याच्यासाठीं मागितली तो मनुष्य हीं दोन्हीं निश्चित आहेत कीं नाहींत तें तपासावें. हें न करतां नोंद केली तर सूचींतील एक ओळ शंभर वर्षांपूर्वींच्या माणसावर फिर्याद होऊन बसते, आणि त्यास उत्तर द्यावयास तो नसतो.

या विशेषणास मराठींत प्रतिशब्द कोणता वापरावा? ‘प्रार्थनात्मक’ हा व्युत्पत्तीस धरून आहे, पण त्यांत देवघराचा वास येतो. ‘याचनार्थक’ म्हटलें तर लाचारी येते. मृत्युपत्र करणारा मिळकत देत असतो, तो याचक नसतो. दप्तरी मराठींत ‘वजा’ हा प्रत्यय ‘सारखा’ या अर्थीं चालतो, त्यावरून केलेला ‘विनंतिवजा’ हा मला सर्वांत बरा वाटतो. शब्दाचा घाट विनंतीचा आहे इतकेंच तो सांगतो; त्यामागें बंधन आहे किंवा नाहीं हें तो ठरवीत नाहीं. इंग्रजी विशेषणाचा खरा गुणही तोच आहे. तें प्रश्नाचें उत्तर नव्हे. प्रश्न कोठें आहे तें दाखविणारी ती खूण होय.

मित्रांच्या दप्तराच्या सूचींत मीं ती नोंद खोडून पुढीलप्रमाणें लिहिली आहे: ‘मृत्युपत्र, इंग्रजी. सर्व मिळकत पत्नीस मालकीहक्कानें. उरलेलें मुलांस वाटण्याविषयीं विनंतिवजा भरंवसा.’ खरेदीखताची नोंद होती तशीच राहिली आहे. त्या वृद्ध गृहस्थांस दोन्ही नोंदी वाचून दाखविल्या, आणि त्यांच्या आजीनें विकलें तें घर तिचें स्वतःचें होतें, हेंही सांगितलें.